गणपतीत तुंबणारा संडास, शोषखड्डा आणि परड्यातली विहीर

सड्यावरचा
गाव कुडाळ तालुक्यात, घर उतारावर. एरवी घरात आई-बाबा दोघंच. गणपतीत मात्र मुंबई-पुण्याची सगळी भावकी येते, वीस-बावीस माणसं सहज होतात. दुसऱ्या दिवसापासून संडासात पाणी ओतलं की ते वर चढतं, बुडबुडे येतात आणि मग रेंगाळत उतरतं. गौरी येईपर्यंत उतरायचंही थांबतं. बायकामंडळींना शेजाऱ्यांकडे जावं लागतं. माणसं परतली, पाऊस ओसरला की सगळं आपोआप सुरळीत. दिवाळीत यावं तर तक्रार म्हणून काही नाही.

सेप्टिक टाकी घराच्या मागे. आतून ६ फूट लांब, ३ फूट रुंद, पाणी उभं राहतं ४ फूट. तिच्यापासून दहाएक फुटांवर शोषखड्डा, ४ फूट व्यासाचा, पाइपाच्या खाली साधारण ५ फूट खोल. संडास दोन. घर दुरुस्त केलं तेव्हा न्हाणीचं पाणीही त्याच टाकीत सोडलंय. विहीर शोषखड्ड्यापासून ४० फुटांवर, उताराच्या खालच्या अंगाला.

गवंडी म्हणतो टाकी लहान पडते, दुप्पट मोठी बांधू. आकडा ऐकून बाबा गप्प झाले. बांधावी का?

माडाखाली
आमच्याकडे पण ह्याच रडगाणा. गणपतीक सगळे येतत आणि नेमको तेव्हाच संडास तुंबता. वाचतंय.

झटपट
एवढा विचार कसला करताय? बाजारात बॅक्टेरियाची पावडर मिळते, दोन पाकिटं टाका, मैला विरघळून जातो. पावडर नको असेल तर गूळ आणि यीस्ट. तरीही नाही हटलं तर एखादा माणूस बघा, टाकीत उतरून रात्रीत साफ करून देतात.

लाल_बावटा
झटपट, तुमच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य काढून टाका. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं, हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा राहू दे बाजूला. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त असला तर नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. ‘वास येत नाही, म्हणजे वायू नाही’ असं समजून उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातम्या वाचा, एका टाकीत दोन-तीन मृत्यू असतात ते यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रात्रीत साफ करून देणारे कोण असतात आणि ते रात्रीच का येतात, हेही एकदा मनाला विचारा.

उपसायचं असेल तर मैला ओढणारी गाडी बोलवा. नगरपालिका, नगरपंचायतीकडे चौकशी करा. १४४२० ही हेल्पलाइन याच कामासाठी आहे.

झटपट
बरं बरं. आमच्या भागात सर्रास चालतं म्हणून लिहिलं. गाडीच सांगा.

खडीवाळू
सिव्हिलवाला आहे, निम्मी नोकरी रत्नागिरी-सिंधुदुर्गात गेली. सड्यावरचा, टाकी बांधायची घाई करू नका. तुमच्याच मापांचा हिशेब मांडू.

६ × ३ × ४ म्हणजे ७२ घनफूट, सुमारे २००० लिटर. सेप्टिक टाकीसाठीच्या भारतीय मानक २४७० मध्ये पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याची टाकी चालते, म्हणजे जेमतेम ११०० लिटर. तुमची टाकी त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. दोन माणसांना तर ती महाल.

टाकीचं काम एकच: पाणी निवांत उभं ठेवणं. गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं त्यातल्या त्यात नितळ पाणी पुढे जातं. त्यासाठी निदान एक दिवस पाणी आत थांबलं पाहिजे. बावीस माणसं, न्हाणी जोडलेली, माणशी १०० लिटर धरले तरी दिवसाला २२०० लिटर होतात. पाणी एक दिवससुद्धा टिकत नाही. सगळ्यांच्या आंघोळी सकाळी सात ते दहात. तेवढ्या वेळात टाकीत जो लोंढा येतो तो तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात नेतो. न्हाणीचं पाणी वेगळं काढलंत तर संडासाचे माणशी ३० लिटर, म्हणजे ६६० लिटर. तेच पाणी आता तीन दिवस थांबतं. एका पाइपाच्या कामात टाकी तिप्पट झाली.

पण तुंबण्याचं मूळ टाकीत नाहीच, जमिनीत आहे. टाकीत जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं. बाहेर जाणारं पाणी जमिनीने प्यायला नाही म्हणजे ते उलटं चढतं. तुमच्या शोषखड्ड्याच्या भिंतीचं क्षेत्रफळ पावणेसहा चौरस मीटरच्या आसपास. मध्यम मातीत चौरस मीटरला दिवसाला ५० लिटर जिरतं असं धरा, २९० लिटर झाले. आणि हे कोरड्या दिवसांत, भिंती स्वच्छ असताना. भाद्रपदात कोकणात जमीन पाण्याने भरलेली असते. खड्ड्याभोवतीच पाणी उभं असेल तर तुमचं पाणी जाणार कुठे? घरात माणसं सगळ्यात जास्त आणि जमिनीची तहान सगळ्यात कमी, हे दोन्ही आपल्याकडे एकाच आठवड्यात येतं. म्हणून दिवाळीत तक्रार नसते.

नवी दुप्पट टाकी बांधली तरी पाणी तुंबायचं ते तुंबेलच. खर्च करायचाच तर जमिनीवर करा.

सड्यावरचा
खडीवाळू, इतका सरळ हिशेब कुणीच मांडून दाखवला नव्हता. मग खड्डाच मोठा करू? शिवाय टाकी बांधल्यापासून एकदाही उपसलेली नाही. बाबा म्हणतात भरलीच नाही तर उपसायची कशाला.

खडीवाळू
टाकी ‘भरत’ नसते, ती पहिल्या महिन्यातच भरलेली असते. बघायचं ते गाळ किती साठलाय. झाकण उघडून अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा, आसपास विडी-काडी नको (मिथेन असतो), तोंड आत घालून डोकावायचं नाही. लांब बांबूच्या टोकाला पांढरं फडकं गुंडाळून बाहेर जाणाऱ्या पाइपाजवळ तळापर्यंत सोडा, दोन मिनिटं थांबून वर काढा. काळी खूण जिथपर्यंत तो गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा झाला असेल तर गाडी बोलवा. कायम राहत्या घराला साधारण दोन-तीन वर्षांत ही वेळ येते, तुमच्याकडे उशिरा येईल.

दोन गोष्टी सांभाळा. भर पावसात टाकी रिकामी करू नका. बाहेरून पाण्याचा दाब आणि आतून काहीच नाही, अशाने भिंत फुगते. फायबरची किंवा प्लास्टिकची टाकी तर अख्खी वर उचलली जाते. उपसा फेब्रुवारी ते एप्रिल. आणि उपसल्यावर पाण्याने धुऊन लख्ख करायची नाही, तळाला थोडा जुना गाळ राहू द्यायचा. पुढच्या जिवाणूंचं ते विरजण.

हाच मुद्दा पावडरीचाही. मैल्यातच जिवाणू असतात, पाकिटातून आणायची गरज नसते. नव्या कोऱ्या टाकीत सुरुवातीला जुन्या टाकीतला गाळ किंवा कुजलेलं शेण थोडं टाकायला मानकातही सांगितलंय, तेवढं ठीक. गूळ-यीस्ट टाकून टाकीत फेस येईल. आणि कितीही चांगले जिवाणू असले तरी वाळू, राख, केस, प्लास्टिक कोण खाणार?

शार्लटकर
मी नॉर्थ कॅरोलिनात राहतो, शहराबाहेर. अमेरिका म्हटलं की लोकांना वाटतं सगळीकडे गटारं. इथे पाचातलं एकाहून अधिक घर स्वतःच्या सेप्टिक टाकीवर आहे. आमची १००० गॅलनची, म्हणजे ३८०० लिटरची. पुढे शोषखड्डा नसतो, ड्रेनफील्ड असतं: अंगणात गवताखाली लांबलचक उथळ चर, त्यात खडी, खडीत भोकांचा पाइप. पाणी खोल एका जागी न जिरता वरच्या मातीत पसरतं.

इथली माती लाल चिकण. घर घ्यायच्या आधी काउंटीच्या आरोग्य खात्याकडचे कागद बघितले, त्यात ड्रेनफील्डचा नकाशा असतो आणि ते बिघडलं तर दुसरं कुठे करायचं ती जागाही राखून ठेवलेली असते. त्या जागेवर शेड बांधायची नाही, गाडी उभी करायची नाही, झाड लावायचं नाही. फक्त गवत. सासरे भारतातून आले की त्यांचा जीव तळमळतो, एवढी जागा मोकळी कशी!

खडीवाळू म्हणतात ते इथेही खरं आहे. लोक टाकी उपसत नाहीत, गाळ चरांत जातो, चराच्या तळाशी काळा बुळबुळीत थर धरतो आणि पाणी गवतावर येतं. टाकी उपसणं हे किरकोळ काम आहे, ड्रेनफील्ड नवं करायचं तर अंगण खणून काढावं लागतं. इथली पर्यावरण संस्था दर तीन वर्षांनी तपासणी आणि तीन ते पाच वर्षांनी उपसा करा असं सांगते. ओले वाइप्स मात्र पाकिटावर ‘फ्लश करा’ लिहिलं असलं तरी टाकायचे नाहीत. सिंकखालचं खरकटं दळायचं यंत्र आम्ही बंदच ठेवलंय, त्याने टाकीत गाळ फार वाढतो.

रेगूर
परभणीकडचा आहे. आमच्याकडे विहिरीचा नाही, मातीचा प्रश्न. काळी जमीन पावसात फुगते आणि पाण्याला आत घेत नाही, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. शोषखड्डा केला की पहिल्या पावसाळ्यात डबकं. म्हणून गावात बहुतेकांनी टाकीचं पाणी सरळ रस्त्याकडेच्या गटारात सोडलंय आणि त्यालाच सेप्टिक टँक म्हणतात. पंचायतीत बोललं की सगळे माना डोलावतात.

काळ्या मातीला काय इलाज?

खडीवाळू
रेगूर, आधी माती तपासा. फुकटचं काम आहे. जिथे पाणी जिरवायचं तिथे, त्याच खोलीवर, वीतभर रुंदीचं भोक करा. तळाला दोन इंच जाड वाळू. रात्रभर पाणी भरलेलं ठेवून माती भिजवा, कोरड्या मातीत केलेली चाचणी फसवते. सकाळी पाणी भरून ते एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर, उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. ३० मिनिटांच्या आत असेल तर खड्डा किंवा चर, दोन्ही चालतं. ३० ते ६० मध्ये चरच. ६० च्या वर गेलं तर मातीत जिरवायचा नाद सोडायचा. चौरस मीटरला दिवसाला किती लिटर जिरेल त्याचं सूत्र मानकात आहे: २०४ भागिले मिनिटांचं वर्गमूळ.

तुमच्याकडे साठच्या वरच येणार. मग टाकीपुढे खडीचा हौद करून त्यात कर्दळ लावतात. तळ आणि भिंती पक्क्या, पाणी खडीतून आडवं जातं, मुळं आणि खडीवरचे जिवाणू ते बऱ्यापैकी साफ करतात, मराठवाड्याच्या उन्हाने बरंचसं उडूनही जातं. उरलेलं झाडांना द्या, पालेभाजीला नको. आणि जागा असेल, नवंच बांधायचं असेल तर ज्या मातीत पाणी मुरतं तिथे टाकीपेक्षा दोन शोषखड्ड्यांचा संडास बरा. एक भरला की दुसरा चालू, पहिला निदान वर्षभर बंद ठेवला की आत सोनखत. लोकांना उगाच वाटतं टाकी म्हणजे श्रीमंती.

निळी_विहीर
इतके प्रतिसाद झाले, विहिरीवर कुणीच बोललं नाही! पाणी तपासणीच्या कामात होते म्हणून सांगते. सड्यावरचा, ४० फूट म्हणजे १२ मीटर. मानक १८ मीटर मागतं, म्हणजे साठ फूट, आणि तेही कमीत कमी. तुमचा जांभा आहे. जांभ्याला भोकं आणि भेगा. पाणी झटकन नाहीसं होतं म्हणून लोक खूश असतात, पण माती जे गाळते ते भेग गाळत नाही. वर विहीर उताराच्या खाली.

पाणी दिसायला काचेसारखं असेल, तरी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जिवाणू आणि नायट्रेट दोन्ही तपासून घ्या. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नमुना पावसाळ्यात घ्या, उन्हाळ्यातला चांगला येतो आणि माणूस निर्धास्त होतो. जिवाणूंच्या नमुन्याला प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली, बिसलेरीची नव्हे. तोवर प्यायचं पाणी उकळून. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकाल ते तात्पुरतं, वरून गळती चालूच असेल तर किती दिवस टाकणार?

टीसीएलवरून आठवलं. तीच पावडर रोज संडासात ओतू नका. गणपतीत पाहुण्यांसमोर चकचकीत दिसावं म्हणून बाटल्याच्या बाटल्या ॲसिड आणि फिनेल जातं, टाकीतले जिवाणू त्यानेच मरतात. ब्रश आणि थोडा साबण पुरे.

सड्यावरचा
दिवाळीला गावी येऊन झाकण उघडलं. बांबू सोडला, काळी खूण जवळजवळ दोन फुटांवर. बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतून ‘टी’ (T आकाराचा जोड) नाहीच, नुसता सरळ तुकडा भिंतीतून बाहेर गेलाय. साय सरळ त्यातून जात होती. व्हेंट पाइपाची, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पाइपाची, जाळी गेलेली, डास तिथूनच. विहिरीच्या पाण्यात जिवाणू निघाले, नायट्रेट मर्यादेत. आई गेली कित्येक वर्षं ‘आमच्या विहिरीसारखं पाणी नाही’ म्हणते, तिला हे सांगणं सगळ्यात जड गेलं. आता पाणी उकळतायत, पण तोंड वाकडं करून.

चाचणी घराच्या पश्चिमेला केली, तिथून विहीर ऐंशीएक फूट लांब आणि आडव्या बाजूला. वरती दोन-अडीच फूट माती आहे. एक इंच उतरायला ९ मिनिटं.

खडीवाळू
झकास जागा. २०४ भागिले ३, म्हणजे चौरस मीटरला ६८ लिटर. ६६० लिटरला पावणेदहा चौरस मीटर लागतील. चर दोन फूट रुंद घेतला तर एकूण १६ मीटर लांबी, ८-८ मीटरचे दोन चर करा. दोघांत निदान १.८ मीटर अंतर, घरापासून ६ मीटर लांब. उताराला आडवे घ्या, उताराच्या दिशेने नकोत, नाहीतर सगळं पाणी खालच्या टोकाला जाऊन फुटेल. जांभ्यापर्यंत खोल जाऊ नका, वरच्या मातीतच ठेवा. चराच्या वरच्या अंगाला एक छोटी पाट काढा, पावसाचं पाणी बाजूने गेलं पाहिजे.

टाकीनंतर एक वाटपाचा चेंबर करा, त्यातून दोन्ही चरांना तोंडं. एरवी दोन माणसांना एकच चर चालू ठेवा, सहा महिन्यांनी बदला. विश्रांती मिळाली की तळाचा बुळबुळीत थर सुकतो आणि माती पुन्हा प्यायला लागते. गणपतीला दोन्ही उघडा. जुना शोषखड्डा बंदच. न्हाणीचं पाणी वेगळ्या पाइपाने माडांच्या आळ्यांत, मात्र विहिरीपासून लांबच्या.

आणि तो ‘टी’. शे-दोनशे रुपयांची वस्तू. वरचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर, खालचं साधारण फूटभर पाण्यात. तो नसला तर सायीला अडवणारं कुणीच नाही. व्हेंटला नवी जाळी.

माडाखाली
गाडी खंय मिळाली? आमच्या घराक पाखाडी, गाडी रस्त्यारच ऱ्हवता.

सड्यावरचा
अजून बोलावलेली नाही, फेब्रुवारीत बोलावणार. गाडीवाल्याने आधी विचारलं ते रस्त्यापासून टाकी किती लांब आणि किती खाली. पाइप जोडत नेतात, पण चढ जास्त असेल तर ओढत नाही म्हणाला. तुमची पाखाडी चढती असेल तर आधी त्याला येऊन बघायला सांगा.

लाल_बावटा
आणि ‘ओढलेला मैला टाकणार कुठे’ हेही त्याला विचारा. बऱ्याचदा उत्तर ‘ते आमच्यावर सोडा’ असं येतं. म्हणजे घाटात, नाल्यात किंवा कुणाच्या तरी पडीक शेतात, रात्री. वाई आणि सिन्नरला नगरपालिकांनी २०१८ पासून वेगळी पद्धत लावली आहे: तक्रारीची वाट न बघता दर तीन वर्षांनी घराघरातली टाकी पाळीपाळीने उपसायची आणि मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा. ग्रामीण स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात मैल्याची व्यवस्था धरलेली आहे, तेव्हा ग्रामसभेत विषय मांडता येतो.

रेगूर
मांडतो. माना डोलावतील.

खडीवाळू, कर्दळीच्या हौदाला खडी कुठली? आमच्याकडे क्रशरची मिळते, तिच्यात निम्मी भुकटी.

खडीवाळू
क्रशरचीच घ्या, पण पाण्याने धुऊन, भुकटी राहिली तर वर्षात हौद तुंबेल. पाणी शिरतं आणि निघतं त्या दोन्ही टोकांना फूट-दीड फूट लांबीत मोठे दगड, मध्ये २० मिलिमीटरची. सड्यावरचा, तुमच्या चरांनाही धुतलेलीच खडी, आणि वर माती ओढण्याआधी जिओ-कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथरा, नाहीतर माती खडीत उतरते. चर शिमग्याच्या आत पूर्ण करा. ओल्या मातीत खणलं की फावड्याने बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि नवा चर पहिल्या दिवसापासून बंद.

सड्यावरचा
गवंड्याला सांगून ठेवतो. तो अजून टाकीच दुप्पट करू म्हणतोय.